रँक वाया जाऊ नये म्हणून

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या पसंतीयाद्या ‘लॉक’ करण्याच्या शेवटच्या रात्री अनेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘एवढी चांगली रँक आली आहे, ती वाया घालवू नकोस.’ बोलणारा कधी बाप असतो, कधी तालुक्याला स्वतःचे हॉस्पिटल असलेला मामा, कधी दोन वर्षे पुढचा सीनिअर. ऐकणारी मुलगी तिसऱ्या वर्षापासून सायकिअ‍ॅट्री घेणार म्हणून सांगत आलेली असते. सकाळी तिची यादी पाहावी तर वरच्या सगळ्या ओळींत रेडिओडायग्नोसिस, मुंबईपासून म्हैसूरपर्यंत. उलटेही होते. ऑर्थोशिवाय दुसरे काही करणार नाही म्हणणारा मुलगा घसरलेली रँक पाहतो आणि ‘क्लिनिकल काहीही चालेल’ एवढे बोलून पाच वर्षांचा हट्ट सोडून देतो. दोघांच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या कामाचा निर्णय अर्ध्या रात्रीत, झोप न झालेल्या डोक्याने घेतलेला असतो.

ही गोष्ट आपण आजवर घरगुती बाब समजत आलो. आता तसे समजून चालणार नाही. २०१४ पूर्वी देशात पदव्युत्तर वैद्यकीय जागा ३१,१८५ होत्या. २०२४ पर्यंत त्या बहात्तर हजारांच्या पुढे गेल्या. नीट-पीजी या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्यांची संख्या सव्वादोन लाखांवर आहे. उद्या आपल्या मुलाला तपासणारा बालरोगतज्ज्ञ, आपल्या आईला भूल देणारी भूलतज्ज्ञ आणि अपघातानंतर पहिल्या तासात हाती सापडणारा डॉक्टर याच पसंतीयाद्यांतून येणार आहे. त्यातल्या किती जणांनी ती शाखा निवडली आणि कितींच्या गळ्यात ती पडली, याची नोंद ठेवण्याची गरज कोणालाही वाटलेली नाही.

शाखा ऐनवेळी बदलणे हा गुन्हा नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. चोविसाव्या वर्षी माणसाचे मत बदलणे हे बुद्धी शाबूत असल्याचेच लक्षण आहे. इंटर्नशिपच्या शेवटच्या महिन्यात एखादा मुलगा ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभा राहतो, कोसळत चाललेला रक्तदाब भूलतज्ज्ञाने कसा सावरला ते पाहतो आणि सर्जरीचा विचार सोडून भूलशास्त्राकडे वळतो. असा बदल उशिरा झाला तरी स्वागतच करावे. आमची चिंता दुसऱ्या बदलाची आहे. त्यात काही नवे पाहिलेले नसते, काही समजलेले नसते. फक्त निकालाच्या पानावरचा आकडा बदललेला असतो.

या आकड्याने निवडीचे जे करून ठेवले आहे ते समजून घेण्यासारखे आहे. प्रवेशफेरी जवळ आली की गेल्या वर्षीच्या ‘क्लोजिंग रँक’चे तक्ते हातोहात फिरू लागतात. कोणत्या महाविद्यालयात कोणती शाखा कितव्या क्रमांकावर संपली, याची ती यादी असते. विद्यार्थी तिच्याकडे मोंढ्यातल्या भावफलकासारखे पाहतात. जी शाखा आधी संपली ती भारी, जी शेवटपर्यंत उरली ती हलकी. आपल्या रँकमध्ये भारी शाखा बसत असताना हलकी घेतली तर तोटा झाला. तो तोटा टाळायला मुलगा भारी शाखा घेतो, आणि त्याच्या घेण्यामुळे ती यंदाही लवकर संपते. पुढच्या वर्षीचा तक्ता असा तयार होतो. या चक्रात रुग्ण, आवड, हातातले कौशल्य, स्वभाव यांना कुठे शिरकाव नाही. गेल्या वर्षीच्या घाबरलेल्या मुलांनी यंदाच्या घाबरलेल्या मुलांची शाखा ठरवलेली असते, आणि सगळे याला ‘ट्रेंड’ म्हणतात.

बरे, बाजाराचा अंदाज म्हणूनही हा तक्ता विश्वासाचा नाही. पुढे नोबेल मिळालेल्या जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवावे, पाच, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस ठरेल. त्यांचे भाकीत आपल्या तक्त्यापर्यंत पोचलेच नाही. रेडिओडायग्नोसिस आजही सर्वात आधी संपणाऱ्या शाखांत आहे. भाकीत चुकले म्हणून शाखा सुखाची ठरली, असेही नाही. ‘रेडिओला इमर्जन्सी नाही, पेशंटची कटकट नाही’ एवढ्या भांडवलावर ती घेणाऱ्या किती जणांनी १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा वाचलेला असतो? सोनोग्राफी करणाऱ्याला प्रत्येक गर्भवतीमागे भरावा लागणारा ‘एफ’ फॉर्म, त्यातल्या नोंदीवरून होणारी तपासणी, यंत्राला लागणारे सील आणि कोर्टाच्या तारखा हा महाराष्ट्रातल्या रेडिओलॉजिस्टच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. ते त्याला एमडीच्या दुसऱ्या वर्षी कळते.

कळणार तरी कधी? एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत विद्यार्थी या शाखा किती पाहतो, हे तपासा. मेडिसिन, सर्जरी, गायनॅकच्या वॉर्डांत त्याची वर्षे जातात. भूलशास्त्र आणि मनोविकार यांच्या वाट्याला इंटर्नशिपमध्ये जेमतेम दोन-दोन आठवडे येतात. रेडिओलॉजीशी बहुतेकांची ओळख तोंडी परीक्षेत दाखवलेल्या एक्स-रे फिल्मपुरतीच. आवडीच्या विषयाची चव घेता यावी म्हणून २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात ‘इलेक्टिव्ह’ आणले गेले. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तो काळ सही मिळवण्यात आणि पुढच्या परीक्षेची तयारी करण्यात संपतो.

इंटर्नशिपचे तर काय सांगावे. शाखांची पारख व्हावी, हात बसावा म्हणून ठेवलेले हे वर्ष. आज ते परीक्षेची रजा बनले आहे. इंटर्न वॉर्डात असतो तेव्हा रक्ताचे नमुने लॅबला पोचवतो, ट्रॉली ढकलतो, रिपोर्ट आणतो आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर ‘क्यू-बँक’चे प्रश्नसंच सोडवतो. त्याला दोष कसा द्यावा? पुढे शाखा मिळते ती दोनशे प्रश्न आणि आठशे गुणांच्या एका पेपरवर. सहा महिने वॉर्डात राबला, रात्री अपरात्री रुग्णाजवळ बसला, युनिटच्या प्रमुखाने त्याचे कौतुक केले, यातल्या कशालाही गुण नाहीत. मुलाखत नाही, शिफारस नाही. वशिल्याचा इतिहास पाहता त्या नाहीत हे एका अर्थी बरेच आहे. पण मग शाखेची ओळख करून देणारी दुसरी कोणती वाट आपण ठेवली, या प्रश्नाला उत्तर नाही.

त्यात वेळापत्रकाची धूळधाण. २०२१ ची परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली आणि आर्थिक दुर्बल आरक्षणाच्या वादात प्रवेशप्रक्रिया अडकून पडली. दिल्लीत निवासी डॉक्टर रस्त्यावर आले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर फेऱ्या सुरू झाल्या. २०२४ ची परीक्षा तर आदल्या रात्री रद्द झाली. परीक्षा केंद्राच्या गावी मुक्कामाला पोचलेल्या मुलांना २२ जूनच्या रात्री कळले की उद्याचा पेपर नाही. ती ११ ऑगस्टला दोन सत्रांत झाली आणि गुणांच्या समानीकरणावरून नवा वाद उभा राहिला. २०२५ मध्ये एकाच सत्रात परीक्षा घ्या, असे न्यायालयाला सांगावे लागले. ती ३ ऑगस्टला झाली, १९ ऑगस्टला निकाल लागला आणि फेऱ्या रेंगाळत २०२६ उजाडले. एकीकडे अखिल भारतीय कोटा, दुसरीकडे राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्या, तिसरीकडे एम्ससारख्या संस्थांची वर्षातून दोनदा होणारी आयएनआय-सीईटी. महिनोन्‌महिने अधांतरी बसलेला मुलगा अखेर यादी भरायला बसतो तेव्हा त्याच्या मनात एकच गोष्ट असते : सुटका. ‘मिळेल ते घे आणि मोकळा हो’ हा सल्ला अशा वेळी शहाणपणाचा वाटतो.

मोकळे होणे मात्र नशिबात नसते. प्रवेशफेऱ्या घेणाऱ्या केंद्रीय समितीच्या पहिल्या फेरीतली जागा दंड न भरता सोडता येते. दुसऱ्या फेरीपासून अनामत जाऊ लागते. खासगी अभिमत विद्यापीठांसाठी ती दोन लाखांची आहे. अगदी शेवटच्या ‘स्ट्रे’ फेरीत मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या वर्षीच्या परीक्षेचेही दार बंद होते. रुजू झाल्यावर एका महाविद्यालयातून दुसरीकडे बदली नियमाला मान्य नाही. आणि मध्येच सोडून जायचे म्हटले तर अनेक राज्यांत लाखो रुपयांचा ‘सीट लीव्हिंग’ बॉण्ड आडवा येतो. अभ्यासक्रमानंतरच्या सक्तीच्या सेवेचा बॉण्ड वेगळा. सरकारने खर्च केला, वर्षभर सेवा द्या, हे म्हणणे रास्त आहे. पण तीन महिन्यांत ‘हे माझे काम नाही’ असे उमगलेल्या मुलीकडून लाखो रुपये मागणे, ते नसतील तर मूळ कागदपत्रे अडवून धरणे, ही वसुली झाली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगालाही हे पटले होते. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने राज्यांना पत्र लिहून हा बॉण्ड काढून टाकावा, फार तर सोडणाऱ्याला त्या राज्यात वर्षभर प्रवेश नाकारावा, असे सुचवले. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचे कारण आयोगाने स्वतःच दिले होते. पण पत्र हे पत्रच असते, ते पाळण्याची सक्ती कोणावरच नाही.

चुकीच्या शाखेत अडकल्यावर काय होते, याचे काही आकडे हाती आहेत. आयोगाने माहिती अधिकारात दिलेल्या तपशिलानुसार पाच वर्षांत १,१६६ विद्यार्थ्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले. त्यांतले एमबीबीएसचे १६० आणि पदव्युत्तरचे १,००६. हे प्रमाण पुन्हा वाचावे. साडेपाच वर्षांच्या कठीण अभ्यासात टिकलेली, देशातल्या सर्वात अवघड स्पर्धेतून वर आलेली मुले हव्याहव्याशा जागेवर पोचून ती सोडतात. सोडणाऱ्यांत जनरल सर्जरीचे ११४ होते, स्त्रीरोग-प्रसूतीशास्त्राचे १०३. याच पाच वर्षांत पदव्युत्तरच्या ५५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्या प्रत्येकामागे शाखेची निवड होती, असे कोणी म्हणू नये. कामाचे अमानुष तास, अपमान, जात, पैसा, एकाकीपण अशी कारणे गुंतलेली असतात. पण आयोगाच्याच कृती दलाने २०२४ मध्ये मांडलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१ टक्क्यांहून अधिक जणांनी वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगितले. आठवड्याला साठ तासांहून जास्त काम करणारे ४५ टक्के होते. मनापासून घेतलेल्या शाखेतही हे ओझे मोडून टाकणारे आहे. नको असलेल्या शाखेत ते उचलायला बळ कुठून आणायचे?

‘पहिले वर्ष काढ, सवय होते,’ असे सीनिअर सांगतात. अनेकांच्या बाबतीत हे खरे ठरते, हेही मान्य केले पाहिजे. योगायोगाने बालरोगात आलेले आणि पुढे त्या विषयाचे नामवंत शिक्षक झालेले डॉक्टर महाराष्ट्रात कमी नाहीत. पण ज्यांना सवय झाली त्यांचीच गोष्ट आपल्यापर्यंत पोचते. ज्याला झाली नाही तो बोलत नाही. तो ओपीडीत मान वर न करता औषधे लिहितो, किंवा डिग्री भिंतीला टांगून दुसरेच काही करतो.

आणि जो रुजू झाल्यावर काही महिन्यांनी निवासी डॉक्टरची नोकरी टाकून गावी निघून जातो त्याची जागा कोणाला मिळते? कोणालाच नाही. प्रवेशाची अंतिम तारीख उलटलेली असते. ती जागा पुढची जवळपास तीन वर्षे रिकामी राहते आणि त्याच्या ड्यूट्या युनिटमधल्या उरलेल्यांत वाटल्या जातात. मग त्यांच्यातला आणखी एक जण डळमळतो. ससून, केईएम, सायन किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये प्रसूतीच्या रात्रपाळीला एक हात कमी असणे म्हणजे काय, हे तिथे प्रसूतीला आलेल्या बाईला विचारावे.

दुसऱ्या टोकाला रिकाम्या जागांचा ढीग आहे. २०२१-२२ च्या प्रवेशात १,४५६ जागा उरल्या. आणखी एक फेरी घेऊन त्या भरा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये गुणवत्तेचे कारण देऊन फेटाळली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, सरकारने पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणून ठेवली. म्हणजे पेपर दिला की पात्र. उरलेल्या जागांत शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, न्यायवैद्यक असे विषय फार. तिथे येणाऱ्यांत विषयाची ओढ असलेले काही असतात. त्यांच्याबद्दल आदरच आहे. बाकीचे ‘पुढच्या वर्षी पुन्हा देऊ, तोवर स्टायपेंड चालू राहील’ असा हिशेब करून आलेले असतात. महाराष्ट्राने २०२४ मध्ये एकदम दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू केली, त्यांत गडचिरोली आहे, हिंगोली आहे, वाशीम आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना तिथे ॲनाटॉमी शिकवणार कोण? गळ्यात पडलेला विषय घेऊन बसलेला, डोळे पुढच्या नीटकडे लागलेला माणूस शवविच्छेदनाच्या टेबलाशी काय शिकवेल, याचा अंदाज करता येतो.

परदेशात सगळे आलबेल आहे असे नाही. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी विद्यार्थ्याला शाखा आधी ठरवावी लागते. त्या शाखेतल्या शिक्षकांची पत्रे जोडावी लागतात, ती का हवी हे लिहावे लागते, मुलाखती द्याव्या लागतात. सप्टेंबरमध्ये अर्ज जातात आणि मार्चमध्ये ‘मॅच’चा निकाल लागतो. त्यामुळे अर्जाच्या तोंडावर शाखा बदलणारा तिथेही गोत्यात येतो. पत्रे जुन्या शाखेची, अनुभव जुन्या शाखेचा. तिथली यूएसएमएलई परीक्षा देऊन तिकडे गेलेली आपल्याकडची मुले हे चांगले जाणतात. बाजाराचा वारा तिथेही वाहतो. तातडीच्या उपचारांच्या शाखेत डॉक्टरांचा सुकाळ होणार अशी हवा पसरली आणि २०२३ च्या मॅचमध्ये तिच्या ५५४ जागा पहिल्या टप्प्यात रिकाम्या राहिल्या. फरक इतकाच की तिथे बदलणाऱ्याला ‘का?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतो आणि त्याचे उत्तर लिहायला लावतो. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षे वेगवेगळ्या विभागांत पगारी काम केल्यावर विशेष शाखेचे प्रशिक्षण सुरू होते. आपल्याकडे असा प्रश्न ना सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर आहे, ना महाविद्यालयाच्या डीनच्या टेबलावर.

या गोष्टी दुरुस्त करायला नवा कायदा लागत नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जागा अडवून ठेवण्याच्या प्रकारावर निकाल देताना महाविद्यालयांनी प्रवेशफेरीआधी शुल्क जाहीर करावे, असे बजावले आहे. त्याच पानावर विभागवार आणखी चार ओळी का असू नयेत : प्रत्यक्ष मिळणारा स्टायपेंड, आठवड्याचे कामाचे तास, मंजूर जागांवर आज किती निवासी डॉक्टर आहेत, आणि गेल्या पाच वर्षांत या विभागातून किती जण सोडून गेले. हा शेवटचा आकडा छापायचा म्हटले की अनेक विभागप्रमुखांच्या कपाळाला आठ्या पडतील. म्हणूनच तो छापला पाहिजे. सोडून जाणाऱ्यांचे तपशील आयोगाकडे आहेतच. ते माहिती अधिकाराच्या अर्जामागून बाहेर यावेत, हे लाजिरवाणे आहे.

इंटर्नशिपमधला निवडीचा काळ परीक्षेच्या आधी, सलग आणि हजेरीच्या धाकासह हवा. मनोविकार घेऊ पाहणाऱ्या मुलीला एक महिना वॉर्डात आणि रेडिओ घेऊ पाहणाऱ्याला एक महिना सोनोग्राफीच्या खोलीत बसू द्या. निम्म्या याद्या तिथेच बदलतील, आणि तो बदल डोळसपणे झालेला असेल. पालकांनीही एक पथ्य पाळावे. मुलाच्या रँकवर आपण गुंतवलेल्या पैशाचा परतावा मोजू नये. खासगी महाविद्यालयाची फी भरून दमलेल्या बापाला हे सांगणे कठीण आहे, याची जाणीव आम्हाला आहे. फी जितकी चढते तितकी शाखा बाजाराच्या ताब्यात जाते, आणि ती फी ठरवणारे नामानिराळे राहतात.

सर्वात निकडीची गोष्ट मात्र सरकारच्या हातात आहे. रुजू झाल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत एकदा, दंडाविना, जागा सोडण्याची मुभा द्या. त्याच महाविद्यालयात दुसऱ्या विभागात जागा रिकामी असेल आणि मुलगा गुणवत्तेच्या क्रमात बसत असेल तर तिथे वळू द्या. सुटलेल्या जागा भरायला एक छोटी फेरी अंतिम तारखेच्या आत ठेवा, म्हणजे ‘सगळेच पळतील’ या भीतीला आधार उरणार नाही. यासाठी आयोगाला नियम बदलावे लागतील. महाराष्ट्राने त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. जागा सोडणाऱ्यांकडून दंड घेण्याची अट राज्याच्या अखत्यारीत आहे, आणि ती काढायला सांगणारे आयोगाचे पत्र जानेवारी २०२४ पासून मंत्रालयाच्या फायलीत असायला हवे. वैद्यकीय शिक्षण विभागाने पुढच्या प्रवेशफेरीची माहितीपुस्तिका छापायला पाठवण्यापूर्वी ती फाइल उघडावी, आणि अट ठेवायचीच असेल तर तिचे कारण सही करून लिहावे.